निळं गेट लाल झालं

भूषण पाटीलशी मी पहिल्यांदा बोलायला गेले आणि बोललेच नाही. नुसती शिंकत राहिले.

दोष माझा नाही हं. दोंडाईच्याबाहेर रस्त्याला लागून त्याचा मसाल्याचा कारखाना. अंगणभर लाल मिरची पसरलेली, बाया गोल करून देठं खुडतायत... आणि मी जळगावची, नोकरीसाठी इथं नवीनच खोली घेतलेली. अशा ठिकाणी नाकावर ओढणी घेऊन शिरायचं असतं, हे मला कोण सांगणार? ‘नमस्कार, मी ज्योत्स्ना—’ आच्छी! ‘आमचं प्रशिक्षण केंद्र—’ आच्छी! नाकाडोळ्यांतून नुसत्या धारा. समोरच्या उंच, सावळ्या माणसानं हसू दाबत खिशातला रुमाल पुढे केला.

“घ्या. धुतलेला आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे येणारं माणूस रडतंच. पण कामाचं बोलायच्या आधीच एवढं कुणी रडलं नव्हतं.”

“मी रडत नाहीये!”

“बरं... मग हे आनंदाश्रू समजू का?”

अस्सा राग आला! पण रुमाल घेतला. त्याला साबणाचा वास होता, आणि खाली कुठेतरी धण्याचा. परत द्यायचा राहिला तो राहिलाच.

माझं काम असं की, आमच्या केंद्रातल्या दिव्यांग मुलामुलींना कामं शिकवायची, कुठेतरी कामाला लावायचं, आणि ती आपली आपण जायला-यायला लागली की मी बाजूला व्हायचं. सुरुवातीला हात धरायचा. मग नुसतं बोट दाखवायचं. मग बोटसुद्धा नाही, लांब उभं राहायचं. आणि एक दिवस दिसायचंच नाही. लोकांना वाटतं शिकवणं अवघड. छे हो! बाजूला होणं अवघड. पोरगी चुकतेय, हात शिवशिवतायत, आणि आपण गप्प उभं राहायचं... माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तर ही शिक्षाच.

भूषणकडे मी गेले ते दिपमालासाठी. वय एकवीस, दोन घट्ट वेण्या, नाकावर कायम राग. जन्मापासूनच तिला गोष्टी समजायला वेळ लागतो, वाचता येत नाही. पण एकदा शिकली की शिकली. मसाल्याच्या पाकिटावर लेबल लावावं तर तिनं. तिरकं गेलं तर स्वतःच उपटून पुन्हा लावणार, आणि शेजारणीचं तिरकं असेल तर तेही उपटणार! भूषणची आई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, पहिल्याच आठवड्यात इकडच्या अहिराणीत मला म्हणाल्या, “ही पोर मनी सासू शे का काय?”

काम जमलं. अडचण उरली ती दिपमालाच्या वडिलांची, लोटन आबांची. जीव ओवाळून टाकणारा बाप. रोज तिला मोटरसायकलवर मागे बसवून सोडायचे, सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. कापूस वेचणीला आला तेव्हा ते म्हणाले, “बाई, आते मले जमाव नही. तिनं घर राहो.”

“ती बसनं येईल की, आबा.”

“एकली? भुली गयी ते?”

मी खूप भांडले. शेवटी ठरलं ते असं. दिपमालानं सोमवारी गावाहून एसटीनं एकटीनं यायचं. बरोबर कुणी नाही. पोचली तर नोकरी चालू. चुकली तर घरी, पुन्हा विषय नाही. दिपमाला बाजूलाच उभी होती. तिनं माझी ओढणी मुठीत गच्च धरली.

मग सराव सुरू केला. तिला पाटी वाचता येत नाही, म्हणून खूण ठरवली होती कारखान्याचं निळं गेट. खिडकीत बसायचं, निळं गेट दिसलं की उठायचं आणि कंडक्टरला म्हणायचं, ‘भाऊ, उतरनं शे.’ रोज आम्ही दोघी बसनं जायचो. आधी मी शेजारी, मग मागच्या सीटवर, मग पार शेवटच्या बाकावर.

या सगळ्यात भूषणचं काय चाललं होतं? भूषणचे फोन चालले होते.

“मॅडम, जरा येऊन जाता का? दिपमालाला पॅकिंगला अडचण येतेय.”

धावत जावं तर दिपमाला मजेत लेबलं लावत बसलेली. “अडचण? कसानी अडचण?” आणि हा बाजूला मान खाजवत उभा.

“नाही म्हणजे... आत्ताच मिटली. चहा घेता?”

“तुमच्या अडचणी नेमक्या चहाच्या वेळेला कशा येतात हो?”

“तुम्ही सकाळी आलात तर सकाळी येतील.”

बाई गं! मी चहा घ्यायचे. तो माझ्या कपावर बशी झाकून आणायचा, तिखट उडू नये म्हणून. एवढंसंच, पण मला ते फार आवडायचं. निघताना एकदा माझी ओढणी गेटला अडकली आणि पांढऱ्या ओढणीवर गंजाचा डाग पडला. “काय हे गेट तुमचं! हात लावायची सोय नाही,” मी सहज करवादले. तो डागाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे... आणि मी उगाचच स्कूटीची किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती.

रविवारी मला सुचेना. दिपमाला पोचली तर माझं इथलं काम संपलं. मी बाजूला व्हायचं. म्हणजे बशी झाकलेला चहा नाही, खोट्या अडचणी नाहीत. आणि ती चुकली तर तिचं सगळंच संपलं. मला तर तिनं पोचावं असंच वाटत होतं, अगदी देवाशपथ. तरी त्याचा तो रुमाल मी उगाच दोनदा धुतला.

सोमवारी दिपमाला नवा पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला पिशवी लावून बसमध्ये चढली. खिडकीची जागा पकडली. मी बऱ्याच मागे स्कूटीवर, तिला दिसणार नाही अशी. कारखाना जवळ आला. आता बस थांबेल... आता... बस सरळ पुढे निघून गेली!

मी गेटकडे बघितलं आणि डोळेच फिरले. निळं गेट कुठाय? गेट लाल होतं! मिरचीसारखं लालभडक, चकचकीत, ओलं. आणि त्याच्यापुढे भूषण उभा, इस्त्रीचा शर्ट, बोटांना लाल रंग, तोंडभर हसू.

“काय केलंत हे!” मी स्कूटी उभी करायच्या आधीच ओरडले.

“तुमच्या ओढणीला... म्हणजे गंज... काल दिवसभर घासून आज पहाटे रंगवलं. आवडलं नाही?”

“अहो, निळं गेट तिची खूण होती! ती गेली ना पुढे!”

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. “खूण? मला वाटलं, तिला रस्ता पाठ झालाय...” दुसऱ्याच क्षणी तो माझ्या मागे स्कूटीवर बसला होता. एरवी या प्रसंगाची मी चार स्वप्नं बघितली असती. पण तेव्हा मला फक्त त्या एसटीचं मागचं चाक दिसत होतं.

दोंडाईचा स्टँडवर दिपमाला खाली उतरलेली. गर्दीत एकटी. इकडे बघतेय, तिकडे बघतेय. आम्ही रसवंतीच्या पडद्याआड शिरलो तर तिथं आधीच कोण? लोटन आबा!

“मी ते भाजी लेवाले उनू,” ते घाईघाईनं म्हणाले. डोक्यावरची टोपी हातात, कपाळावर घाम. तेही बसच्या मागोमागच आले होते, दुसरं काय!

दिपमालानं मुसमुसत डोळे पुसायला सुरुवात केली. भूषण पुढे झाला. “माझी चूक आहे, मी आणतो तिला.” मी त्याचं मनगट धरलं. घट्ट.

“नाही.”

“ज्योत्स्ना, ती रडतेय!”

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली. आणि अशा वेळी!

“मलाही दिसतंय. थांबा.” मग आबा निघाले. त्यांना काही असं मनगटाला धरता येईना. “आबा, तुमच्या पाया पडते. एवढा एक ग्लास रस प्या. संपला की जा, मी अडवणार नाही.”

आबा ग्लास धरून उभे राहिले. ग्लास काठोकाठ भरलेला, रस त्यांच्या बोटांवरून गळत होता. पण त्यांनी तो तोंडाला लावला नाही. लावला असता तर संपला असता, आणि मग तिला आणायला जावं लागलं असतं ना!

दिपमालानं ओढणीनं नाक पुसलं. पाय आपटला, रागानं. ही आमची खरी दिपमाला! मग तिनं पिशवीत हात घातला आणि काळ्या मसाल्याचं पाकीट काढलं. शनिवारी अक्कांनी तिच्या आईसाठी दिलेलं. तिनंच लेबल लावलेलं, अगदी सरळ. ते घेऊन ती रिक्षांच्या रांगेकडे गेली, एका रिक्षावाल्यापुढे पाकीट धरलं, आणि त्याच्यावर खाली छापलेल्या पत्त्यावर बोट ठेवलं.

“भाऊ, माले आठे जानं शे.”

हे मी शिकवलं नव्हतं! शपथ, कुणीच शिकवलं नव्हतं.

“कोन शे तो?” आबा कुजबुजले.

“जीवराम आहे,” भूषण म्हणाला. “आमचाच माल नेतो. घरचा माणूस आहे, आबा.”

रिक्षा गेली. आबांनी ग्लास तसाच ठेवला आणि टोपीनं डोळे पुसले. मीही डोळे पुसले, आणि तेव्हा लक्षात आलं की रुमाल त्याचा आहे. आणि दुसऱ्या हातात अजून त्याचं मनगट. मी झटकन सोडलं. त्यावर माझ्या बोटांचे वळ उमटले होते.

“राहू द्या,” तो हळूच म्हणाला. “आज तरी राहू द्या.”

आम्ही पोचलो तेव्हा दिपमाला लाल गेटसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. अंगणातल्या बाया देठं खुडायच्या थांबून बघत होत्या.

“गेटले हाऊ रंग कोनी दिधा?” तिनं विचारलं.

भूषणनं गुपचूप रंगलेली बोटं वर केली.

“इचारानं नही का?”

“चुकलं,” भूषण म्हणाला. “आता पुन्हा निळं करतो.”

“नको. आते माले लालच पाठ शे.” मग ती माझ्याकडे वळली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू एकदम तिच्या तोंडभर पसरलं. “मॅडम! मी एकलीच उनू!”

खरंच एकटी आली होती ती! तेवढ्यात तिला आबा दिसले. “आबा, तू आठे कसा?”

“भाजी लेवाले...”

“आठे भाजी कोठे शे? आठे मिरची शे.” बायांमध्ये खसखस पिकली. आबा जवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. “चाल बेटा, आज घर चाल. दमनी व्हशीन.”

“नही. मनी ड्युटी शे,” दिपमाला म्हणाली आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

आबांनी टोपी डोक्यावर चढवली. मग मोटरसायकलला किक मारत मला म्हणाले, “बाई, उद्या मी कापूस येचाले जास. तिले सांगजात, डबा इसरू नको.” बस, एवढंच. मला आणखी काय हवं होतं?

संध्याकाळी निघताना मी दिपमालाजवळ बसले आणि माझं नेहमीचं निरोपाचं बोलले, की आता मी रोज येणार नाही, काही अडलं तर फोन कर. पलीकडे भूषण मिरच्यांच्या ढिगाशी उगाच खोरं फिरवत होता. एकाच जागी फिरवत होता.

दिपमालानं लेबल लावलं, अंगठ्यानं दाबलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, मनासाठे नका येऊ. सरनासाठे या.”

तिच्यासाठी नको, तिच्या सरांसाठी, म्हणजे भूषणसाठी! खोरं थांबलं. अक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी? मी पळाले हो! स्कूटी कशी सुरू केली तेही आठवत नाही.

रात्रभर स्वतःशीच भांडले. इतरांना एकटं जायला-यायला शिकवते मी, आणि मला जायला कोण शिकवणार? भूषणनं फोन केला नाही. एकही अडचण नाही. वाट बघत असणार, पण बोलावणार नाही... बाजूला होणं त्यानं माझ्याकडूनच उचललं होतं, मेल्यानं!

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी घेतलीच नाही. स्टँडवर जाऊन बसमध्ये बसले, खिडकीशी. लाल गेट दिसलं तशी उठले. “भाऊ, उतरनं शे,” मी कंडक्टरला म्हणाले आणि बस थांबायच्या आधीच दाराशी गेले.

भूषण गेटातच होता. मला बघून त्याच्या हातातली चहाची किटली वाकडी झाली.

“काही... काही अडचण आहे का मॅडम? दिपमाला तर मघाशीच आली. एकटी आली.”

“माहीत आहे. तिच्यासाठी नाही आले.” ओढणी नाकावर घ्यायची मी पुन्हा विसरले होते. “भूषण, मी... मी एकलीच—” आच्छी! “एकलीच—” आच्छी!

त्यानं खिसे चाचपले. रुमाल कुठला मिळायला, तो तर माझ्याकडे होता. मग त्यानं किटली खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि वाट बघत राहिला, मधे न बोलता, मदत न करता, माझं वाक्य पुरं होईपर्यंत.

“मी एकलीच उनू,” मी म्हणाले.