सुलतानला हाक

चावलेला कुत्रा दहाव्या दिवशी पाहायचा, धडधाकट असला तर तसं लिहून द्यायचं आणि परत यायचं. आरोग्य निरीक्षक बाईंच्या नोकरीतलं हे सगळ्यात सोपं काम. कुत्रा पिसाळलेला असेल तर दहा दिवसांत तो मरतोच. जगला तर ज्याला चावला त्याच्या पुढच्या सुया थांबवता येतात. नियम साधा. पण त्याच्या एका टोकाला कुत्रा असतो आणि दुसऱ्या टोकाला माणूस.

या वेळी दुसऱ्या टोकाला कोपऱ्यावरची इस्त्रीवाली होती. वकीलसाहेबांच्या बंगल्यावर कपडे द्यायला गेली आणि त्यांच्या सुलतानने तिची पोटरी फोडली. बंगल्याकडे जाता जाता बाई तिच्या टेबलापाशी थांबल्या.

"सुया वेळेवर घेतेस ना गं?"

"पहिल्या दोन घेतल्या, ताई. मग साहेबच म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, धंदा बुडवून दवाखान्याच्या चकरा कशाला मारतेस?"

"असं कुणी म्हटलं की सोडायच्या नसतात त्या! आम्ही सांगू तेव्हा."

"मोठी माणसं खोटं कशाला बोलतील, ताई?" ती म्हणाली आणि शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवू लागली.

दुपारची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बंगल्याचं फाटक उघडताच फिनेलचा भपकारा आला. सगळं अंगण धुवून काढलेलं होतं. त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता. कुबट, गोडसर, घशात चिकटणारा.

"या मॅडम, या. बघून घ्या आमचा पठ्ठ्या!" वकीलसाहेब हसत पुढे आले. व्हरांड्यातल्या खांबाला एक तपकिरी, गुबगुबीत कुत्रा बांधला होता. बाईंना पाहून त्याने शेपूट हलवली आणि पुढ्यातलं पाणी लपालपा प्यायला लागला. पिसाळलेलं जनावर असं पाणी पीत नाही. बाईंना बरं वाटलं. पहिल्या दिवशी त्यांचा सहकारी फाटकातूनच पाहून गेला होता. त्या स्वतः या कुत्र्याला आज पहिल्यांदा पाहत होत्या. त्यांनी पेन उघडलं आणि सहज, जनावराशी बोलायची सवय म्हणून, हाक मारली.

"सुलतान! ये रे, सुलतान!"

कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही. तो पाणीच पीत राहिला.

पण घरामागे काहीतरी उठलं.

आधी साखळी वाजली. मग फरशीवर नखं खरडली... एक पाय ओढल्यासारखी. मग भुंकणं आलं. घोगरं, मध्येच फाटलेलं, शेवटी वर चढून विव्हळणारं. बाईंनी असं भुंकणं पूर्वी एकदाच ऐकलं होतं, पण ते विसरता येत नाही. व्हरांड्यातला कुत्रा शेपूट पोटाशी घेऊन भिंतीला चिकटला आणि जागच्या जागी मुतला.

"मागे दुसरा कुत्रा आहे?"

"छे... शेजाऱ्यांचा असेल." वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, अगदी दबका. "अरे, कोणी हाक मारली त्याला? नावाने हाक मारू नका म्हटलं होतं ना... मारली की येतो तो..."

"आई, गप्प बस!"

साखळी घराच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. भिंतीपलीकडे धापा चालल्या होत्या. लाळ गिळता न येणाऱ्या घशाची घरघर. बाई पुढे गेल्या आणि कोपऱ्यावरून डोकावल्या.

तिथे कुणीच नव्हतं. धुतलेली फरशी ओली होती आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता. झाडाखाली मात्र माती नुकतीच उकरून थापलेली दिसली. तो गोडसर वास तिथूनच येत होता.

"सुलतान कुठाय, साहेब?"

"परवा गेला." वकीलसाहेब कुजबुजले. "समजून घ्या हो. तुमचे लोक त्याचं मुंडकं तपासायला नेणार, गावभर बोभाटा होणार. मुलीचं लग्न ठरतंय. हा कुत्रा मित्राकडून आणलाय, तुमची सही झाली की परत जाईल. त्या बाईला दोन सुया मिळाल्यात की! रस्त्यावर वाढलेली माणसं, त्यांना काही होत नसतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती कुठल्या कुठे पळाली.

"होत नसतं? या रोगाने माणूस मरताना पाहिलाय तुम्ही? मी पाहिलाय. तहानेने तडफडतो आणि पाणी दिसलं की घसा आवळतो. शेवटपर्यंत शुद्धीवर येऊन विचारत राहतो, मला काय झालंय म्हणून. तुम्ही शिकलेले! नियम वाचलात आणि पहिली गोष्ट काय केलीत, तर दुसरा कुत्रा आणून बांधलात! तिचा जीव इथे खांबाला बांधला होता, साहेब, आणि माझ्याच सहीने तुम्ही तो घेणार होता!"

 वकीलसाहेब बाईंकडे बघतच नव्हते. त्यांची नजर कोपऱ्यावर खिळली होती.

बाईंनी फोन करून कुत्री पकडायची गाडी बोलावली आणि गाडीवरच्या माणसाने माती उकरली. सुलतान फार खोल नव्हता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला साखळी. आणि साखळी त्याच्याभोवती गुंडाळून वर दगड ठेवलेले. "मेलेल्याला कुणी बांधतं का हो?" गाडीवाला पुटपुटला. 

बाईंनी त्याच दुपारी इस्त्रीवालीला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि राहिलेल्या सुया सुरू करवल्या. तपासणीचा निकाल आला: पिसाळलेलाच. वकीलसाहेबांना दंड झाला, तोही इतका किरकोळ की त्यांनी तो उभ्याउभ्या भरला आणि जाताजाता बाईंविरुद्ध अंगण खणल्याची तक्रार नोंदवून गेले. बाईंच्या ऑफिसातल्या वरिष्ठांनी बाईंनाच समज दिली. 

इस्त्रीवाली वाचली. शेवटची सुई झाल्यावर बाई मुद्दाम तिला भेटायला गेल्या. ऊन उतरत होतं. तिने कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणला.

"ताई, रागावू नका... तो रोज येतो."

"कोण?"

"तोच. या वेळेला येऊन टेबलाखाली बसतो. चावत नाही. नुसता कण्हतो. फार तहानलेला असतो हो... मी पाणी ठेवते. तोंड लावतो आणि मागे सरतो. आत्ता तुम्ही आलात तसा गेला."

बाई वाकल्या. टेबलाखाली वाडगा होता, काठोकाठ भरलेला. आतलं पाणी अजून हलत होतं.

"थांबा, ओतून टाकते," म्हणत इस्त्रीवालीने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" बाई किंचाळल्या.

वाडग्याच्या काठावरून लाळेची एक तार लोंबत होती, आणि ती अजून लांबत होती.