वाट नंबर चौदा

सरोज भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नाशिकला पंधरा वर्षं गणित शिकवलंय तिने. तीच जेव्हा आवाज खाली आणून सांगते, तेव्हा ऐकावं लागतं.

यातला एक शब्द वाढवलेला नाही. उलट तिच्या नवऱ्याला, नंदूला, आणखी लाज वाटू नये म्हणून दोन-चार कमीच केलेत.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मंगळवार होता, १२ ऑक्टोबर २०२१. दुपारचे तीन. कतारमधल्या दोह्यातला नजमा भाग, आणि तिथल्या एका कॅफेटेरियाच्या वरचं ड्रॉइंग ऑफिस.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्ष उरलं होतं. सगळं शहर खणून ठेवलेलं. नंदूच्या ऑफिसात स्टेडियमच्या रस्त्यांची ड्रॉइंग रात्रंदिवस चालू. आणि त्यातच कुठून कुठून हात बदलत एक भलतंच काम येऊन पडलेलं... इंग्लंडमधल्या एका खेडवळ डिस्ट्रिक्टचे पायवाटांचे जुने नकाशे. शाईने काढलेले. ते कॉम्प्युटरवर उतरवायचे.

नंदूला ते काम आवडायचं. आपल्याकडे पंचायत समिती आणि तिच्याखाली ग्रामपंचायती, तसं तिथे डिस्ट्रिक्ट आणि त्याखाली पॅरिश. त्रेसष्ट गावं, दोन नद्या, बाकी गवत. पॅरिशची क्लार्क म्हणजे आपला ग्रामसेवकच म्हणा. फरक इतकाच, की ही क्लार्क पत्राला उत्तर द्यायची.

वाट नंबर चौदावर अशाच एका क्लार्कबाईंचा शेरा होता. एलन थॉर्ली. वय ऐंशीच्या पुढे.

"ही वाट माझ्या घरापासून शेतातल्या जुन्या चर्चपर्यंत जाते. माझे यजमान तिथे पुरलेले आहेत. मी रोज जाते. कृपया कुणीतरी येऊन पाहा."

उपग्रहाच्या फोटोत वाट दिसत नव्हती. नुसती झाडं. आणि नकाशातून वाट गेली, की शेतमालक फाटकाला कुलूप घालायला मोकळा.

नियम असा होता, की अशा शेऱ्यावर माणसाने जागेवर जाऊन पाहायचं. तारीख आधी टाकायची. ती टाकली की पॅरिशला आपोआप नोटीस जायची... अमुक दिवशी तपासनीस येत आहेत.

पण जाणार कोण? इंग्लंडमधलं कुणीतरी जाईल असं कधीतरी ठरलं होतं. ते कुणीतरी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"अरे नंद्या, टाक ना एक तारीख आणि बंद कर," टीम लीडर इरशादभाई म्हणाले. रत्नागिरीचे, गोड माणूस. "उन्हाळ्यात इथली साइट व्हिजिट तरी आपण कशी करतो? गाडीची काच खाली न करता! यल्ला, चल, खलास कर. स्टेडियमवाले बोंबलतायत."

नंदूने वीस वर्षांत न पाहिलेल्या गटाराच्या झाकणावरसुद्धा सही केली नव्हती. याचा त्याला अभिमान होता. घरी दोनदा तरी सांगून झालेलं. सरोजच्या मते दोनशेदा.

त्याने तारीख टाकली. मंगळवार, १२ ऑक्टोबर.

आणि त्या मंगळवारी, बरोबर तीन वाजता, टाइप केलं... "जागेवर जाऊन पाहिले. वाट आढळली नाही."

खाली स्वतःचं नाव.

बटण दाबलं. लाल ठिपका हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला.

"मिस्टर नंदू? मी थॉर्ली."

म्हातारा, स्वच्छ आवाज. मागे पावसाची रिपरिप.

"तुम्ही येऊन गेलात म्हणे. मी दिवसभर खिडकीत बसले होते हो. वाट माझ्या खिडकीखालूनच जाते. मला कुणीच दिसलं नाही."

नंदूच्या हातातला करक, म्हणजे खालच्या कॅफेटेरियातला दाट दुधाचा चहा, तसाच राहिला.

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. तो क्षण आला. थांबला. आणि गेला.

"मी... दुपारी आलो होतो, मॅडम."

"मग माझाच डोळा लागला असणार," त्या ओशाळून म्हणाल्या. "माफ करा हं. इतक्या लांबून आलात आणि दार उघडायलाही कुणी नाही. पाऊसही काय होता! तुमचे बूट खराब झाले असतील."

"नाही, नाही, मॅडम."

"पुन्हा याल? मी वाट दाखवते. मंगळवारी? चहा ठेवते."

"हो मॅडम. मंगळवारी."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. खोटं आपण बोललो आणि माफी त्या मागत होत्या. त्या रात्री तो नीट जेवला नाही. सरोजने विचारलं तर म्हणाला, ऑफिसात समोसे खाल्ले.

पुढचा मंगळवार. १९ तारीख. दुपारचे तीन.

आधी वास आला.

ओल्या गवताचा...

एसी गळतोय का, म्हणून नंदूने वर पाहिलं. एसी कोरडा होता. मग पायांना गार लागलं. त्याने खाली पाहिलं...

बूट ओले होते. नुसते ओले नाही. काळाभोर चिखल, घोट्यापर्यंत.

दोह्यात काळी माती कुठे असते? इथली माती पिठासारखी फिकट. आणि पाऊस पडून आठ महिने झालेले.

कार्पेटवर ठसे होते. दारापासून त्याच्या खुर्चीपर्यंत. जेवल्यापासून तो खुर्चीतून उठलाच नव्हता.

एक ठसा त्याच्या बुटांचा.

शेजारी दुसरा... लहान. गमबुटाचा.

"काय रे, भात लावायला गेलतास काय?" इरशादभाई हसले. मग त्यांनी लहान ठसे पाहिले आणि त्यांचं हसू विझलं.

"इरशादभाई, गेल्या बुधवारी थॉर्लीबाईंचा फोन आला होता."

"कुठल्या फोनवर?"

नंदूने टेबलाकडे बोट दाखवलं.

"नंद्या... तो इंटरकॉम आहे. त्यावर खालच्या कॅफेटेरियाचासुद्धा फोन येत नाही."

पुढच्या मंगळवारी नंदूने सुट्टी टाकली. अबू हमूर भागातल्या आपल्या घरी, सोफ्यावर, अनवाणी बसला. तीन वाजले. काही झालं नाही. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात दारातून मुलीची, चैत्रालीची, हाक आली.

"बाबा, व्हाय आर युअर शूज वेट?"

चपलांच्या स्टँडवर ठेवलेले बूट. चिखलाने भरलेले. चैत्रालीने त्यांच्या नाडीतून गवताची एक काडी ओढून काढली. हिरवीगार.

सरोजने ते बूट मोरीत धुतले. पाणी बराच वेळ काळं येत राहिलं. मग तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "आता सांगा. समोसे नको."

त्याने सगळं सांगितलं. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं.

"नोकरी जाईल ना खरं सांगितलं तर?"

"जाईल. व्हिसाही."

सरोजने ओले हात पुसले. "त्या बाई रोज जायच्या म्हणता. आणि तुमच्या एका ओळीने ती वाट गेली?"

नंदूने मान हलवली.

त्याच संध्याकाळी त्याने पॅरिशला, थॉर्लीबाईंच्या नावे, मेल लिहायला घेतला. तीनच शब्द... "मी आलो नव्हतो."

पाठवायचं बटण दाबणार, इतक्यात पॅरिशच्या अध्यक्षांचाच मेल येऊन पडला. कुणी हॉपकिन्स म्हणून.

"प्रिय मिस्टर नंदू, तुमचे आभार मानायला उशीर झाला. आमच्या क्लार्क मिसेस थॉर्ली १२ ऑक्टोबरला, मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास खिडकीतल्या खुर्चीत शांतपणे गेल्या..."

इंग्लंडचा एक. म्हणजे दोह्याचे तीन.

बुधवारी फोनवर कोण बोललं मग?

नंदूने मेल खाली सरकवला. सरोज खांद्यावरून वाचत होती.

"...टेबलावर दोन कप होते. दोन्ही रिकामे. तुम्ही येणार म्हणून त्यांनी सकाळीच केक केला होता. बाईंना जवळचं कुणी नव्हतं. शेवटच्या घटकेला तुम्ही सोबत होतात, याचा गावाला फार मोठा आधार वाटतो. वाट तुम्हाला दिसली नाही याचं नवल वाटतं, पण तुमची तक्रार नाही."

सरोज म्हणते, लग्नाला बावीस वर्षं झाली. नंदूला रडताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खरं सांगितलं, तर त्या गावाचा आधार काढून घेतल्यासारखं. नाही सांगितलं, तर न केलेल्या पुण्याचे आभार घ्यायचे.

त्याने तो मेल पाठवला नाही. ड्राफ्टमध्ये ठेवला.

वाट नंबर चौदाची फाइल मात्र उघडली. इरशादभाईंना न विचारता हिरवा ठिपका पुन्हा लाल केला. आणि टाइप करू लागला.

"वाट आहे. शेवटच्या घराच्या खिडकीखालून निघते. डावीकडे काटेरी कुंपण. पुढे तीन ठिकाणी कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या, त्यातल्या तिसरीची फळी मोडकी, उजवा पाय जपून ठेवावा. चर्चच्या मागे, उंबरठ्यासारख्या दगडाशी संपते."

टाइप करून झाल्यावर त्याने वाचलं.

हे आपल्याला कुणी सांगितलं?

कुणीच नाही...

हॉपकिन्सांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ते स्वतः चालून आले होते. सगळं बरोबर निघालं. मोडकी फळीसुद्धा. वाट नकाशावर राहिली. शेतमालकाने कुलूप काढलं. तिकडे अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी होतो; थॉर्लीबाईंना त्याच वाटेने नेऊन यजमानांशेजारी ठेवलं.

नंदूला वाटलं, सुटलो.

मंगळवार आला. तीन वाजले.

बूट ओले.

वाट मिळाली, तरी त्या बाईंना कुणी खरं सांगितलं नव्हतं ना. डोळा आपलाच लागला, असं समजूनच त्या बसल्या असतील.

नंतर वर्ल्ड कप आला. शहर झगमगलं, माणसांनी भरलं, रिकामं झालं. नंदू अजून त्याच ऑफिसात आहे. आता न पाहिलेल्या गोष्टीवर सही करत नाही. अभिमानाने सांगतही नाही.

मंगळवारी तो खालून दोन करक मागवतो. कॅफेटेरियावाला महमूद आधी विचारायचा, दुसरा कुणाला? आता विचारत नाही. चार वाजता कप न्यायला येतो.

दोन्ही रिकामे असतात.

नंदू एकच पितो.

दर मंगळवारी तो ड्राफ्ट उघडतो. तीन शब्द वाचतो. समोरच्या खुर्चीकडे न पाहता हळूच तोंड उघडतो, बोलायला...

आणि दर मंगळवारी आधी तोच आवाज येतो. ओशाळलेला.

"माफ करा हं. माझाच डोळा लागला असेल."

तो तोंड मिटतो.