भात्याची दोरी

सांगतो, पण ऐकून मला चांगला म्हणू नका.

मागच्या माघात, भर दुपारी, वैदेही मॅडमना पेडगावापलीकडच्या माळावर घेऊन गेलो होतो. तिथं लोखंड गाळायची जुनी भट्टी होती, लाकडी कोळशावर चालणारी. मॅडम वारशाची नोंद करायला आल्या होत्या. भट्टीवाल्यांच्या घरातल्या एकाची जबानी मिळाली तर भट्टी वाचणार, नाही तर माळ सपाट होणार.

"कुणी आहे का सर, त्या घरातलं?"

"छे. वंशच संपला," मी घाईनं म्हणालो. चोराच्या मनात चांदणं!

भट्टी माझ्या आजोबांची. मी मात्र आडनाव बदलून मास्तर झालेलो. काळ्या हातांच्या घरचा म्हणवून घ्यायची लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

तेवढ्यात काठी टेकत कस्तुराआत्या आली, वडिलांची सख्खी बहीण. तोंडभर हसली.

"आलास का रं, भागवत?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"गावातली म्हातारी आहे. डोक्यानं जरा..." मी पुटपुटलो. आत्यानं ते ऐकलं. तिचं हसू गेलं.

मग वास आला, पेटत्या कोळशाचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यापासून भट्टी सत्तर वर्षं गार होती. आतून आवाज यायला लागला. फस्स... फस्स...

"आबा भाता ओढायलेत," आत्या हळूच म्हणाली. "दुसऱ्यानं दोरी धरल्याबिगर पहिल्यानं सोडायची न्हाई, आसा रिवाज हाय आमच्यात. धरायला कुणी आलंच न्हाई."

"कस्तुरे..." आतून दमलेला आवाज आला. "आपल्यातलं कुणी आलंय का गं?"

आत्या माझ्याकडं बघत राहिली. एक 'हो' म्हणायचं होतं. मी पाठ फिरवली.

"न्हाई, आबा. परका माणूस हाय."

मॅडमचे डोळे भरून आले होते. मी अडवायच्या आत त्यांनी भट्टीच्या तोंडात हात घातला. "आजोबा, मी धरते..."

आत कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. भाता थांबला.

जबानी झाली नाही. माळ सपाट झाला.

परवा मॅडमना भेटायला परभणीच्या दवाखान्यात गेलो. त्या दिवशी भट्टीत मिटलेली त्यांची उजवी मूठ अजून उघडलेली नाही. डॉक्टरांनाही काही कळत नाही. त्या गाढ झोपेत होत्या आणि तो हात एकसारखा पुढं-मागं होत होता. मी जवळ गेलो तसा थांबला. मूठ हळूहळू माझ्यासमोर आली.

मी दोन्ही हात खिशात घातले.