काळ्या राजाचा आवाज

त्या दुपारी मी नेहमीसारखा काळ्या राजाचं काम करायला गेलो. आमचं काम ऐकायच्या पुस्तकांचं. अद्भुत कथांमधले दुष्ट राजे, राक्षस, चेटके सगळे माझ्याच गळ्यात. आवाजच तसा मिळालाय, वडिलांचा. हातही त्यांच्यासारखा जड आणि राग नाकावर. लहानपणी ते दारात ओरडले की आई आम्हा भावंडांना पलंगाखाली ढकलायची. "बापावर गेलाय," असं माझ्याबद्दल म्हणणारे नातेवाईक कमी नव्हते.

बायकोला आठवा महिना लागला होता. मूल मला हवं होतं. पण त्या मुलाला माझ्यासारखा बाप मिळायला नको होता. रेकॉर्डिंग आटोपलं की परस्पर स्टेशन गाठायचं आणि परत यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. बॅग स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यामागे होती. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

रेकॉर्डिंगला कानसेन होता. याला गाता येत नाही, पण टाचणी पडली तरी ऐकतो, म्हणून हे नाव.

"दादा, शेवटचं पान राहिलंय. उरका, म्हणजे दोघंही सुटू."

शेवटच्या पानावर राजा स्वतःच्या मुलासमोर उभा असतो. राजा जन्मला तेव्हाच भाकीत झालेलं, की हा पोटच्या पोराला मारणार. मी जाड दार ओढून घेतलं. आतल्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. तिथे आपलाच श्वास परक्याचा वाटतो. मी वाचलं, "राजाने तलवार उचलली."

"दादा, चुकलात. ऐका." हेडफोनमध्ये माझाच आवाज वाजला. "राजाने तलवार खाली ठेवली."

कागदावर 'उचलली' होतं. मी शब्दाखाली बोट धरून, दातओठ खाऊन पुन्हा वाचलं. उचलली. कानसेनने वाजवून दाखवलं. खाली ठेवली. या वेळी वाक्यामागे लोखंड दगडावर टेकल्यासारखा बारीकसा आवाज होता. त्या खोलीत खालपासून वरपर्यंत नुसता स्पंज. दगड येणार कुठून?

मग तंबाखूचा उग्र वास आला. हा वास मी सहा वर्षांत घेतला नव्हता, वडील गेल्यापासून.

"कानसेन... आत कोणी आलंय का?"

"दार तुम्हीच लावलंत ना..." तो कुजबुजला. "दादा, मी काचेतून बघतोय. तुमचे ओठ 'उचलली'च म्हणतायत..."

अंगावर सर्रकन काटा आला. आणि तरीही, खरं सांगतो, छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. राजाचं भाकीत तर छापून आलं होतं, त्यानेही ते जुमानलं नाही. मग मी असा कोण मोठा लागून गेलो, की माझ्यावर जन्मतःच शिक्का बसावा?

बाहेर येऊन बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, बॅगेसकट.

"पळपुट्या," ती म्हणाली, "आधी घरी ये. मग भांडू."

मला रडूच कोसळलं.

बॅग घेऊन निघालो, तर कानसेनने हाक मारली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, त्या वाक्याच्या आधीचं... आवाज वाढवून ऐकलं मी."

आधी नुसती खरखर होती. मग अगदी माझ्यासारखाच, पण म्हातारा, थकलेला आवाज आला.

"ठेव... खाली ठेव. मला नाही जमलं रे."