तीनशे बारावं झाड

डिसेंबरच्या बारा तारखेला डोंगरदेवी आपली झाडं मोजते आणि त्या दिवशी माणसानं रानात पाऊल टाकायचं नसतं, हे गेंझोच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रानात जो सापडेल, तो झाड म्हणून मोजला जातो आणि झाडच होतो. पण आता तरणी माणसं शहरात नोकरीला. सणाला घरी यायचं तर रविवार हवा. म्हणून गावच्या मंडळानं देवीचा दिवस पुढच्या रविवारावर ढकलला आणि तसा कागद दारोदार चिकटवला.

शेजारची नव्वदीची तोमेआजी तो कागद वाचून बोळक्या तोंडानं हसली होती. "दिवस बदललात ते बदललात. पण तिला कुणी कळवलं का रे?"

गेंझोही हसला होता. पासष्टी उलटली तरी त्याच्या हातातली कुऱ्हाड सुटली नव्हती, आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत बसायला त्याला कधी सवड झाली नव्हती.

त्या गुरुवारी, म्हणजे बरोब्बर बारा तारखेला, त्याची बायको हात्सुए म्हणाली, "अहो, वर झऱ्यापाशी तोचीच्या झाडाच्या फांद्या पडल्यात ना? चार ओंडके आणा की. अळंबी लावते त्यांवर."

"आज?"

"मग काय रविवारी? रविवारी तर देवीचा दिवस!"

गेंझोनं बर्फावर ओढायची घसरगाडी घेतली आणि निघाला.

झऱ्याच्या उगमावरचा तो तोची म्हणजे गावचं जुनं झाड. पाणी धरून ठेवतं म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. शहरातल्या एका बड्या माणसाला अखंड फळीचं मेज हवं होतं, आणि ऑक्टोबरात गेंझोनं ते झाड आडवं केलं. झाड पाडलं की त्याचा शेंडा मोडून बुंध्यात खोचायचा आणि 'तुझं तुला परत' म्हणायचं, ही त्याच्या बापानं शिकवलेली रीत. त्या दिवशी पाऊस होता, ट्रक थांबला होता. शेंडा राहून गेला. तेव्हापासून घरी पाणी गढूळ येई. हात्सुए रोज सकाळी ते फडक्यानं गाळून घेई आणि गढूळ फडकं त्याच्यासमोर पिळी. ते त्याला लागे.

दुपारचे तीन वाजले असतील. रानात धुकं उतरलं होतं. ओल्या सालीचा, कुजलेल्या पानांचा वास दाटून आला होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. गेंझो बुंध्यापाशी वाकून ओंडके निवडत होता, तेवढ्यात वरच्या अंगाला आवाज झाला.

थप्.

थोडं थांबून पुन्हा, थप्. कुणीतरी तळहातानं झाडाचं खोड थोपटत होतं. गोठ्यातल्या गाईंच्या पाठी थोपटत जावं तसं, सावकाश, मायेनं. आणि प्रत्येक थापेमागून एका बाईचा पुटपुटता आवाज.

"तीनशे नऊ... तीनशे दहा..."

गेंझोला पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात.

"तीनशे अकरा..."

धुक्यात दिसलं काहीच नाही. बुंध्याच्या कडेवरचा बर्फ मात्र आपोआप पुसला जात होता, गोल, पुन्हा पुन्हा. आंधळ्या माणसानं चाचपावं तसा.

"इथं होतं की... कुठं गेलं?"

मग त्याच्या पाठीवर हात पडला. जड, गार.

"हां... तीनशे बारा."

आणि थापा पुढे गेल्या.

गेंझोचे पाय मातीत रुतल्यासारखे झाले होते. गुडघ्यापर्यंत गारठा चढला. हात तेवढे हलत होते. त्यानं कसाबसा शेजारच्या ढिगातला एक शेंडा ओढला, बुंध्याच्या भेगेत खोचला. "तुझं तुला परत... वसंतात रोप लावतो. इथंच लावतो. सोड, आई..."

पाय सुटले. घसरगाडी तिथंच टाकून तो घरी आला. त्याच्या कोटाच्या पाठीवर चिकट डाग होता, पाच बोटांचा. हात्सुएनं तीनदा धुतला, निघाला नाही.

तोमेआजीला त्यानं सगळं सांगितलं. ती या खेपेला हसली नाही. वसंतात तिनं तोचीचं कोंब आलेलं बी कुंडीत घालून आणून दिलं. "बोललास ना? मग लाव."

लावणारच होता. पण आधी भाताची लावणी आली, मग कंबर धरली. उन्हाळ्यात तोमेआजी गेली. कुंडी पडवीतच राहिली आणि ऑगस्टात रोप वाळून गेलं. गेंझोला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पुढच्या वर्षी लावू, असं म्हणून त्यानं कुंडी पालथी घातली.

पुन्हा बारा डिसेंबर आला. गेंझोनं रानाकडे पाहिलंसुद्धा नाही. शेगडीपाशी पाय पसरून बसला. सहा वर्षांची नात, कायो, अंगणात बर्फ खेळत होती.

तीनच्या सुमाराला गल्लीच्या वरच्या टोकाकडून आवाज आला. थप्... थप्... त्यानं पसरलेले पाय जवळ ओढले. थाप कुंपणापर्यंत आली, थांबली. दारावर मात्र पडली नाही. मग हळूहळू दूर गेली. गेंझोनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. वाचलो, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

दार सरकवून कायो आत आली आणि त्याच्याजवळ बसली.

"आजोबा, एका बाईंनी माझी पाठ थोपटली."

"कुठल्या... बाईंनी?"

"दिसल्या नाहीत. तीनशे बारा म्हणाल्या." कायो शेगडीवर हात शेकत हसली. "आणि म्हणाल्या, हे कोवळं आहे, हे वाढेल."

शेगडी लालबुंद फुलली होती. कायोच्या केसांवरचा बर्फ मात्र वितळत नव्हता.