आईचा ठणठणीत कान

"आई, तू खरंच कानाच्या तपासणीत नापास झालीस... की वर जायला घाबरलीस?"

भिंगरीने हा प्रश्न रविवारी दुपारी, ऐन जेवणात, ताटातल्या बटाट्याकडे बघत विचारला. प्रश्न तिचा स्वतःचा नव्हता. वर्गातल्या चौघींनी तो पैजेवर तिच्या गळ्यात मारला होता. अंतराळवीर होणाऱ्या आईची लेक म्हणून ती शाळेत जमिनीपासून चार बोटं वर चालत होती, आणि आईचं जाणं कानामुळे रद्द झाल्याचं कळताच त्याच मैत्रिणींनी डोळे बारीक करून म्हटलं होतं, कान-बिन सगळं निमित्त गं, हिंमत असेल तर विचारून बघ. हिंमत! शाळांच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून याच एका मालाचा तिच्याकडे तुटवडा नव्हता.

पण प्रश्न तोंडातून सुटला आणि आईचा चमचा वाटीवरच थबकला. बाबांनी मान वर केली. आईच्या चेहऱ्यावर हल्ली एक नवं हसू मुक्कामाला आलं होतं, कुणी बघितलं की उजळणारं आणि पाठ वळली की मावळणारं... त्या हसण्याला आज पहिल्यांदा तडा गेला.

"कान ठणठणीत आहे माझा," आई म्हणाली.

हे कसं झालं ते कळायला या घराचा एक नियम ठाऊक हवा. आई आणि बाबा, दोघंही एक नंबरचे हेकट. लग्नानंतर सोफा घ्यायचा की नाही यावरून दोघांनी म्हणे इतका अबोला धरला की शेवटी जमिनीवर बसून बसून पाठी धरल्या, आणि त्या पाठदुखीतून 'उलटी बाजू' जन्माला आली. ज्याला एखादी गोष्ट हवी असेल त्याने तिच्या विरोधात बोलायचं. ज्याला नको असेल त्याने बाजूने. म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्याच तोंडाने बोलावं लागतं आणि भांडणातली हवा निघून जाते. घरात मांजर आलं ते असंच. मांजर हवं म्हणून हट्ट धरलेल्या भिंगरीने केस, ओरखडे आणि मेलेले उंदीर यांवर घणाघाती भाषण ठोकलं होतं, आणि मांजर नको असलेल्या बाबांनी त्याच्या मऊपणाचं वर्णन करता करता स्वतःलाच फितवलं होतं.

मग आईची अंतराळवीर म्हणून निवड झाली. आई प्रशिक्षण केंद्रात होती; अवाढव्य तलावाच्या तळाशी अवजड पोशाख घालून तासन्‌तास नटबोल्ट पिळायचा सराव करायची. संध्याकाळी ओल्या केसांनी घरी यायची तेव्हा जाड हातमोज्यांत दबून तिची नखं काळीनिळी झालेली असायची, आणि त्या नखांकडे ती अशा मायेने बघायची, जणू ती तिची बक्षिसंच! अखेर तो निरोप आला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर आठ महिने राहायला तिने जायचं होतं. लागलीच, रीतसर, उलट्या बाजूची बैठक भरली.

बाबांना ती जायला नको होती, म्हणून त्यांना बाजूने बोलावं लागलं. बाबा कवळ्या बनवायचे. त्यांच्या कामाच्या खोलीत मेणातले, प्लास्टरमधले, गुलाबी हिरड्यांवरचे दात दिवसभर खिदळत असायचे, आणि त्या गर्दीत हा माणूस मात्र मोजकंच बोलणारा. ते म्हणाले, वरून देखावा चांगला दिसतो. एका दिवसात कितीतरी सूर्योदय होतात. पाठीचा कणा लांबतो, म्हणजे तू माझ्यापेक्षा उंच होशील. इथे करता येत नाहीत असे प्रयोग वजन नसलेल्या जागी करता येतात, त्यातून उद्या कुणाचं तरी दुखणं बरं होईल... आणि जन्मभर ज्यासाठी राबलीस ते तुला मिळेल. एवढं बोलून त्यांनी एक कवळी घासायला घेतली; ती कधीच घासून झालेली होती.

भिंगरीला मात्र आईने जायलाच हवं होतं. म्हणजे विरोधाचं भाषण तिच्या वाट्याला आलं, आणि तेही नुकतंच बक्षीस मिळवलेल्या नटीच्या! हाडं ठिसूळ होतात, ती म्हणाली. नजर बिघडते. तोंड सुजून भोपळा होतो, नाक चोंदतं, जेवणाला चव लागत नाही, पिशवीत शिरून भिंतीला बांधलेलं झोपायचं, आणि काल शरीरातून जे बाहेर टाकलं तेच गाळून आज पाणी म्हणून प्यायचं. आई पोट धरून हसली होती. तिथे थांबावं की नाही? पण रंगात आलेल्या भिंगरीने आवाज एकदम खाली आणला. मला ताप आला, तर तू आपल्या छपरावरून जाशील, दिवसात पुन्हा पुन्हा जाशील, आणि तुझा हात माझ्या कपाळापर्यंत पोचणार नाही. बाबांना काही झालं तर मी कुणाला हाक मारू... बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या होत्या. बाबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात आई घरी आली ती हसतच. कानाच्या तपासणीत माशी शिंकली, म्हणाली, चला, सुटले.

आज, त्या थंड होत चाललेल्या ताटांसमोर, भिंगरीने विचारलं, "ठणठणीत आहे तर मग?"

"मग काय. तू नको म्हणालीस."

"मी? अगं, मी उलट्या बाजूने बोलत होते! नियम तुमचाच ना?"

"नियम पाठ आहे मला. पण तू रडलीस ती कुठल्या बाजूने, तेच कळेना." आईने चमचा खाली ठेवला. "स्टेजवर तुला रडताना बघितलंय मी. तिथे तुझं नाक लाल होत नाही."

भिंगरीचा हात आपसूक नाकाकडे गेला. आईचं खरं होतं. हाडं, डोळे, भोपळा, सगळं तिने आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं. कपाळावरच्या हाताचं वाक्य मात्र ठरवलेलं नव्हतं. ते कुठून आलं ते तिलाही उमगलं नव्हतं, आणि टाळ्या पडल्या म्हणून तिने त्याला अभिनय समजून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

पण त्या उमजण्याच्या पाठोपाठ तिच्या अंतःकरणात संताप उसळला. त्याग! किती उदात्त शब्द, आणि कुणी परस्पर आपल्या नावाने करून मोकळं झालं की किती जड! तिने आईसाठी न्हाणीघरात नळ सोडून हुंदके दिले होते, त्या बिचाऱ्या कानाला मनोमन दूषणं दिली होती, आणि तो कान म्हणजे दुसरं कुणी नसून ती स्वतःच होती.

"मला विचारलं का नाहीस?" तिने ताट दूर लोटलं. "उद्या मी गणितात आपटले, तुझ्याशी भांडले, तरी तू माझ्याकडे बघून हेच हसू हसशील ना? हिच्यासाठी मी एवढं सोडलं, असं?"

"कधी बोलले नसते गं मी."

"तेच तर! बोलली असतीस तर निदान भांडता आलं असतं."

आईच्या नेत्रांत पाणी तरळलं. तेवढ्यात बाबा घसा खाकरून म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. कान गेला म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला होता." दोघी त्यांच्याकडे वळल्या. "खोलीत जाऊन दार लावलं आणि हसलो. कवळ्यांच्या तोंडासमोर. मग इतकी शरम वाटली, की तेव्हापासून तुझा कान दुखतो का ते विचारायचीही छाती होत नाही."

आईला हसू फुटलं. हे ते मुक्कामी आलेलं हसू नव्हतं; हे जुनं, गडगडाटी, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडायला लावणारं. "नसलेल्या दुखण्यावर तीन माणसं रडतायत या घरात," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्याही गालांवर ओघळ होते.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. केंद्रात तिने कानाचं नावसुद्धा काढलं नव्हतं; घरची अडचण आहे, एवढंच सांगितलं होतं. तिथल्या प्रमुखबाई मोठ्या खमक्या. महिनाअखेरपर्यंत तुझी जागा कुणालाही देणार नाही, असं बजावून त्यांनी तिला घरी धाडलं होतं. महिना अजून सरायचा होता.

"आता सरळ बाजूने बोलायचं," भिंगरी म्हणाली. "तिघांनीही. आधी तू."

सरळ बोलायची या घराला सवयच नव्हती!

"मला जायचंय," ती शेवटी म्हणाली. "इतकं जायचंय, की तुमच्याकडे बघून लाज वाटते."

"मला नको वाटतं," बाबा म्हणाले. "पोटात गोळा येतो. पण गेले काही दिवस तू या घरात पाहुणीसारखी गोड वागतेस, ते त्याहून बघवत नाही. आठ महिने तू तिथे खरी असलेली चालेल मला. जा."

दोघांनी लेकीकडे बघितलं. खुर्ची मागे सारून भिंगरी उभी राहिली. या वेळी तिने आवाज खाली आणला नाही की वर नेला नाही. तो आपोआप जसा निघाला तसा निघू दिला.

"माझं ठरलंय. मला भीती वाटते, ती आठ महिने वाटत राहणार, आणि तू निघशील तेव्हा मी सगळ्यांदेखत भोकाड पसरणार. ते माझं रडणं आहे, माझं मी बघेन. ते बघून तू मागे फिरायचं नाहीस. उद्या सकाळी केंद्रात जा आणि प्रमुखबाईंना सांग, घरची अडचण स्वतः समोर उभी राहिली आणि म्हणाली, जा."