नाव सोडतानाचा शब्द

सांगलीच्या कॉलेजात मी तीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर मुलीकडे, ऊर्मीकडे, चेन्नईला आलो. ती सिरुसेरीला नोकरीला जाते. सकाळी सातला कंपनीची बस आली की दिवसभर घर माझं.

यंदा मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळींपुढे व्याख्यान द्यायचं ठरलं. विषय माझ्या आवडीचा होता: ख्रिस्ती धर्माचे आरंभीचे दिवस आणि त्याआधीचे देव. मांडीवर मूल घेऊन बसलेली मेरी, आणि तिच्या कितीतरी आधी तशीच बसलेली इजिप्तची देवी इसिस. दोघींनाही स्वर्गाची राणी म्हणत, आणि दोघीही दर्यावर्द्यांच्या पाठीराख्या. माझं म्हणणं सोपं होतं. माणसांची भीती सारखी, म्हणून पूजाही सारख्या. त्यात गूढ काही नाही.

वरच्या मजल्यावरचे शेषाद्री तंजावरी मराठी. रेल्वेतून निवृत्त झालेले, कायम हसरे. पाच तारखेला सकाळी ते दारात उभे राहिले.

"वसंतराव, कागद ठेवा हो. चला, तुमची देवी डोळ्यांनी दावतों."

रिक्षाने आम्ही एका कोळीवाड्यात गेलो. वाळूवर निळ्या रंगाचं छोटं चर्च होतं. आत मेरीला कांजीवरम नेसवलेली, गळ्यात मोगरा, पुढे फोडलेला नारळ. मी खुशीत फोटो काढले. बाहेर बायका हातभर लांबीची लाकडी होडी सजवत होत्या. चेष्टामस्करी चाललेली, कुणीतरी मला द्रोणात गरम सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, आणून दिले.

"ही आरोक्यमेरी," शेषाद्री एका सत्तरीच्या बाईकडे बोट करून म्हणाले. "हिचा नवरा माझ्याच आपिसात होता. मुलगा अंतोणी आणि तिघेजण समुद्रावर गेलेत. कालच यायचे होते. फोन लागत नाही."

मी सुंडलचा द्रोण खाली ठेवला. पण आरोक्यमेरी हसत होती. तिने होडीला पांढऱ्या कापडाचं शीड बांधलं, कमरेइतक्या पाण्यात गेली, लाटांवर तांब्याभर दूध ओतलं आणि होडी सोडली. मग हात वर करून ओरडली,

"प्लोयापेसिया!"

बायकांनी हसत तोच शब्द तिच्यामागून म्हटला.

माझ्या अंगावर काटा आला. रोमन काळात याच दिवशी, पाच मार्चला, इसिसचे भक्त समुद्रात रिकामं जहाज सोडत. लाटांवर दूध ओतत. आणि शेवटी ग्रीकमध्ये ओरडत, प्लोयाफेसिया. म्हणजे, नाव सोडली. तमिळ तोंडी फचा प झाला होता, एवढंच.

मी शेषाद्रींना बाजूला घेतलं. "माझी टिपणं वाचलीत ना तुम्ही? थट्टा करताय?"

"अय्यो! तुमचं अक्षर मला लागतं होय?"

"मग विचारा तिला, हा शब्द तुमच्यात कधीपासून आहे?"

शेषाद्रींनी तमिळमध्ये विचारलं. उत्तर ऐकून ते माझ्याकडे वळले.

"म्हणती, आजच पहिल्यानं. ही होडी, दूध, सगळंच. अम्मांनी सांगितलं."

"हिच्या आईने?"

आरोक्यमेरीला प्रश्न कळला असावा. तिने मान हलवली आणि चर्चच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं.

"काल दुपारी," शेषाद्री हळूच म्हणाले.

वारा समुद्राकडून येत होता. माझी टोपी मागे उडाली. होडी मात्र शीड फुगवून वाऱ्याविरुद्ध सरळ समुद्रात चालली होती.

आम्ही तिथेच थांबलो. चारच्या सुमाराला आरडाओरडा झाला. अंतोणीची बोट किनाऱ्याला लागत होती, चौघेही धडधाकट. इंजिन बंद पडून दोन दिवस ते भरकटले होते. मग ढोल आणा, फटाके आणा! शेषाद्री तर धोतर खोचून नाचले. मीही नाचलो, साठी उलटल्यावर पहिल्यांदा.

अंतोणी घटाघटा पाणी पीत सांगत होता, शेषाद्री मला मराठी करून देत होते. सकाळी एक जहाज आलं. लाकडी, एकच रुंद शीड. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, मोठा डोळा रंगवलेला, जुन्या रोमन जहाजांवर असे तसा. वरून दोर टाकला, दीपगृह दिसेपर्यंत ओढत आणलं आणि दोर कापून टाकला. कुणी बोललं नाही.

"माणसं कशी होती?" मी विचारलं.

"वर कुणी दिसलं नाही, सार."

त्याने कापलेल्या दोराचा तुकडा मला दिला. नायलॉनचा नव्हता. कुठल्यातरी गवताचा, हाताने वळलेला.

व्याख्यान छान झालं. दोराचं मी काही बोललो नाही. तो बाल्कनीत खिळ्याला टांगलाय. आज मेची वीस तारीख, बाहेर एक्केचाळीस डिग्री ऊन. ऊर्मी सकाळी पुन्हा कुरकुरली, "बाबा, त्या दोराखाली बादली ठेवा हो, खालच्यांच्या कपड्यांवर पाणी पडतं."

मी थेंब बोटावर घेऊन चाखला. खारट होता.